क्रूझवरील ‘फ्रंट व्ह्यू’ बाल्कनी: पैसे भरण्यापूर्वी

प्रति,
मा. संपादक,

विषय: क्रूझ जहाजावरील समोर तोंड असलेल्या बाल्कनी केबिनची निवड

महोदय,

आपल्या पर्यटन पुरवणीत क्रूझ सहलींविषयी जो लेख आला, त्यात ‘परवडत असेल तर जहाजाच्या अगदी पुढची, समोर तोंड असलेली बाल्कनीची केबिन घ्यावी, कारण कॅप्टनला दिसते ते सारे तुम्हालाही दिसते’ अशा आशयाचा सल्ला दिला आहे. हाच सल्ला आता मुंबईतील सहल कंपन्यांच्या जाहिरातींतही ‘फ्रंट व्ह्यू’ या नावाने दिसू लागला असून बाजूच्या बाल्कनीपेक्षा त्यासाठी जास्त पैसे मागितले जातात. नोकरीची बहुतेक वर्षे व्यापारी जहाजांच्या ब्रिजवर, म्हणजे जहाज जेथून हाकले जाते त्या खोलीत, काढलेला माणूस म्हणून मला हा सल्ला अर्धवट वाटतो. कॅप्टनला दिसते ते तेथून दिसते हे खरे. परंतु कॅप्टन जाड काचेच्या आत उभा असतो आणि बाल्कनी उघड्यावर असते. ती केबिन घ्यावी की नाही हे ठरवताना जहाज कोणत्या समुद्रातून, कोणत्या दिशेने आणि किती वेगाने जाणार आहे हे आधी पाहावे लागते, आणि नेमके तेच लेखात आलेले नाही.

पुढे बसण्याची ओढ मुंबईकराला समजावून सांगावी लागत नाही. डबलडेकर बसच्या वरच्या मजल्यावरील पहिले बाक मिळावे म्हणून आलेली बस सोडून देणारी मुले आता आजी-आजोबा झाली आहेत आणि क्रूझची आरक्षणेही बहुधा तीच करीत आहेत. मात्र त्या बाकासमोर काच होती. ती काढून टाकून तीच बस रात्रभर, न थांबता, ताशी पन्नास किलोमीटर वेगाने हाकली असती, तर त्या बाकावर कोणी किती वेळ बसले असते, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आधी एक घोळ निस्तरला पाहिजे. केबिन जहाजाच्या पुढच्या भागात असणे आणि केबिनचे तोंड पुढे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण आरक्षण करताना दोन्ही एकाच नावाखाली खपवल्या जातात. पुढच्या भागातील बहुतेक बाल्कन्या डावीकडे किंवा उजवीकडेच उघडतात; तेथून समोरचे काही दिसत नाही, हेलकावे मात्र पुढचे मिळतात. खरोखर समोर उघडणाऱ्या केबिन मोठ्या जहाजावरही एकेका डेकवर मोजक्याच असतात, कारण लांबीच्या मानाने जहाजाची रुंदी फारच कमी असते आणि त्या रुंदीतला काही भाग ब्रिजने अडवलेला असतो. १९९० साली ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने सेवेत आलेले आणि २०२१ पासून कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीच्या नावाने मुंबईहून सहली करणारे ‘एम्प्रेस’ हे जहाज २११ मीटर लांब आहे, परंतु त्या पिढीच्या जहाजांवर बाल्कन्याच थोड्या असत. १९८४ च्या ‘रॉयल प्रिन्सेस’वर सगळ्या केबिन बाहेरच्या बाजूला काढल्या, तेव्हा ती मोठी नवलाई ठरली होती, बाल्कन्यांची रेलचेल त्यानंतरची आहे. त्यामुळे समोरच्या बाल्कनीचा पर्याय मुख्यत्वे सिंगापूर, दुबई किंवा युरोपपर्यंत विमानाने जाऊन तेथून मोठ्या, नव्या जहाजावर चढणाऱ्या आपल्या लोकांपुढे येतो, आणि हळूहळू तो मुंबईच्या धक्क्यावरही येणार आहे.

आता वाऱ्याकडे वळतो. जहाजाचा स्वतःचा वेग हाच समोरच्या बाल्कनीतला पहिला वारा असतो. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, तेव्हा १८ नॉटने जाणाऱ्या जहाजाच्या समोरच्या बाल्कनीत, समुद्रावर हवा पूर्ण पडलेली असतानाही, ताशी ३३ किलोमीटरचा वारा तोंडावर येतो. त्यात आपल्या किनाऱ्याचा वारा मिळवावा लागतो. पाऊस सरल्यापासून तो पुन्हा येईपर्यंतच्या उघाडीच्या महिन्यांत कोकण किनाऱ्यावर दुपारनंतर वायव्येकडून खारे वारे जोर धरतात, आणि रात्री उशिरापासून सकाळपर्यंत जमिनीकडून मंद मतलई वारे येतात, हे कोणताही तांडेल सांगेल. गोव्याकडे निघालेले जहाज दक्षिणेला, किंचित आग्नेयेकडे झुकून जाते, म्हणजे हा दुपारचा वारा त्याच्या पाठीमागून येतो. वारा १२ नॉटचा असेल, तर १८ मधून १२ वजा होऊन समोरच्या बाल्कनीत जेमतेम ६ नॉटची झुळूक उरते आणि प्रवासी चहाचा कप हातात घेऊन निवांत बसतो. परतीला तेच जहाज त्याच वाऱ्याच्या तोंडावर येते. आता १८ आणि १२ यांची बेरीज होऊन ३० नॉट, म्हणजे ताशी साधारण ५५ किलोमीटरचा वारा अंगावर येतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग पाचपट झाला की दाब पंचवीसपट होतो. वारा नेहमी नेमका नाकासमोरून येत नाही, थोडा तिरका येतो, म्हणून प्रत्यक्षातले आकडे काही प्रमाणात बदलतील. पण एकाच जहाजाच्या एकाच बाल्कनीविषयी एक प्रवासी ‘स्वर्गसुख’ म्हणतो आणि दुसरा ‘दारच उघडेना’ म्हणून वैतागतो, तेव्हा दोघेही खरे बोलत असतात. एक जातानाचे सांगत असतो आणि दुसरा येतानाचे.

दार उघडत नाही ही तक्रार अतिशयोक्तीची नाही. ३५ नॉटच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे २०० न्यूटन भरतो. दोन चौरस मीटरच्या दारावर तो जवळपास ४० किलो वजनाइतका होतो. दार सरकते असेल तर ते रुळाला घट्ट दाबले जाते, आणि बिजागरीचे असेल तर उघडताना हातातून सुटते किंवा मिटताना बोटे चिरडते. बाल्कनीचे दार आणि केबिनचे बोळाकडचे दार एकाच वेळी उघडले गेले, तर वारा केबिनमधून आरपार धावतो आणि दोहोंपैकी एक दार प्रचंड जोराने आदळते. ज्येष्ठ नागरिकांच्या आणि लहान मुलांच्या बोटांना होणाऱ्या इजांचे हे नेहमीचे कारण आहे. म्हणूनच वारा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की कर्मचारी समोरच्या बाल्कन्यांच्या खुर्च्या आत घ्यायला किंवा बांधून ठेवायला सांगतात, आणि प्रसंगी बाल्कनी वापरू नये अशी सूचना येते. पैसे भरलेली बाल्कनी अशा वेळी केवळ काचेतून पाहायची वस्तू उरते, आणि त्याबद्दल पैसे परत मिळत नाहीत.

समोरच्या बाल्कनीची बांधणीही बाजूच्या बाल्कनीसारखी नसते. बाजूला पारदर्शक काचेचा कठडा असतो, त्यामुळे खुर्चीत बसल्या बसल्या पाणी दिसते. समोर मात्र वारा आणि लाटेचे तुषार अडवण्यासाठी बऱ्याच जहाजांवर छातीपर्यंत भरीव पोलादी कठडा असतो. उभे राहिल्यास क्षितिज दिसते, बसल्यावर फक्त आकाश. हा जहाज बांधणाऱ्यांचा आडमुठेपणा नाही. २००१ साली दक्षिण अटलांटिकमध्ये ‘ब्रेमेन’ आणि ‘कॅलेडोनियन स्टार’ या दोन प्रवासी जहाजांच्या ब्रिजच्या काचा सुमारे तीस मीटर उंचीच्या लाटांनी फोडल्या होत्या. जहाजाचा पुढचा दर्शनी भाग समुद्राचा मार झेलण्यासाठी असतो, आणि तेथे मोठमोठ्या काचा व उघड्या जागा ठेवताना अभियंता हात आखडता घेतो. अरबी समुद्रातल्या हिवाळी सहलीत असल्या लाटांची भीती बाळगण्याचे कारण नाही, परंतु जहाज एका सहलीसाठी बांधलेले नसते, आणि त्या भरीव कठड्यामागे बसण्याची वेळ मुंबईच्या प्रवाशावरही येतेच. तेव्हा केबिन ठरवताना बाल्कनीचे छायाचित्र मागावे, आणि ते उभ्याने काढले आहे की खुर्चीत बसून, हे नीट निरखून पाहावे.

यापुढचा मुद्दा माझ्या विशेष जिव्हाळ्याचा आहे, म्हणून तो थोडा विस्ताराने मांडतो. रात्री ब्रिजवर दिवे मालवलेले असतात. पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याचे डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो आणि एका झगझगीत दिव्याने ते सरावलेपण क्षणात जाते. समोर तोंड असलेल्या केबिन बहुधा ब्रिजच्या लगत, खालच्या किंवा वरच्या डेकवर असतात. त्यांच्या खिडक्यांतून आणि बाल्कन्यांतून बाहेर पडणारा उजेड पुढच्या डेकवर, दमट हवेवर आणि तुषारांवर पसरतो आणि नेमका पहारेकऱ्याच्या नजरेच्या वाटेत येतो. समुद्रावरील टक्कर टाळण्यासाठी १९७२ साली जे आंतरराष्ट्रीय नियम झाले, त्यांतील विसावा नियम सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत पहाऱ्यात अडथळा आणणारा कोणताही दिवा दाखवू नये असे सांगतो. याचा प्रवाशाच्या दृष्टीने अर्थ एवढाच की अंधार पडला की समोरच्या केबिनचे जाड पडदे ओढून घ्यावे लागतात आणि बाल्कनीतला दिवा बंद ठेवावा लागतो. रात्री बाल्कनीत दिवा लावून गप्पा मारत बसण्याची ज्यांची कल्पना असेल, त्यांना ही केबिन निराश करील. तशी सूचना केबिनमध्ये लावलेली असते, परंतु ती वाचायला मिळते ती पैसे भरून, जहाजावर चढून, सामान लावल्यानंतर. आपल्या किनाऱ्यावर तर या नियमाचे मोल फार आहे. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या समोरच्या पाण्यात रात्री मासेमारीच्या होड्या विखुरलेल्या असतात, त्यांतल्या कित्येकींचे दिवे मिणमिणते असतात, आणि मैलभर अलीकडून ती मिणमिण ओळखण्यावर त्या होडीतल्या माणसांचे प्राण अवलंबून असतात. पडदा उघडा ठेवून सेल्फी काढणाऱ्या प्रवाशाला दूरध्वनी करून दटावण्याचे काम ब्रिजवरून करावे लागते, तेव्हा तो तिरसटपणा नसतो एवढे वाचकांनी ध्यानात घ्यावे. उलट बाजूही सांगितली पाहिजे: दिवे मालवून, पडद्याआड बाल्कनीत येऊन, डोळे सरावेपर्यंत शांत उभे राहणाऱ्याला अमावास्येच्या आसपास जे आकाश दिसते, ते दिव्यांनी उजळलेल्या वरच्या डेकवर कधीच दिसत नाही.

बोट लागण्याचा प्रश्न आपल्याकडे घरोघरी विचारला जातो, पण केबिनच्या निवडीशी त्याची सांगड क्वचितच घातली जाते. जहाज आडवे डुलते तसेच त्याची नाळ, म्हणजे पुढचे टोक, वर-खाली होते. आडवे डुलणे कमी करण्यासाठी आधुनिक जहाजांना पाण्याखाली स्टॅबिलायझरची पाती असतात आणि ती आपले काम चोख करतात. नाळेच्या वर-खाली होण्यावर मात्र त्यांचा फारसा उपयोग होत नाही. ही हालचाल साधारण जहाजाच्या मध्याभोवती होते, म्हणून मध्यावर ती किमान आणि दोन्ही टोकांना कमाल असते. दोनशे दहा मीटर लांबीच्या जहाजात मध्यापासून नव्वद मीटर पुढे असलेली केबिन, नाळ केवळ एक अंश वर झाली तरी, दीड मीटरहून अधिक उचलली जाते आणि नाळ तेवढीच खाली आली की पुन्हा तितकीच खाली जाते. म्हणजे जवळपास एक मजला चढणे आणि उतरणे, दर काही सेकंदांनी, झोपेतसुद्धा. कोकण बोटीने जयगड, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्याला जाणाऱ्या जुन्या पिढीला हे ज्ञान पुस्तकाविना होते; ज्याला बोट लागते त्याने बोटीच्या मधोमध, खालच्या अंगाला पथारी टाकावी, असे घरातली वडीलधारी माणसे सांगत. तेच ज्ञान पैसे मोजून उलटे करून घेण्यात काही शहाणपण नाही. ज्यांना घाटातल्या वळणांवर गाडी लागते, ज्यांचा तोल वयोमानाने जातो, किंवा जे गुडघ्याच्या दुखण्यामुळे रात्री उठताना आधार शोधतात, त्यांनी समोरच्या केबिनचा विचार मनातून काढून टाकावा. मेच्या उत्तरार्धात नैर्ऋत्येकडून लांब लाटा येऊ लागतात, तेव्हा तर धडधाकट माणसानेही.

आवाजांचे थोडक्यात सांगतो. नांगर नाळेशी असतो आणि त्याचा साखळदंड सुटतानाचा खडखडाट पुढच्या, विशेषतः खालच्या डेकवरच्या केबिनला चांगलाच जाणवतो. लक्षद्वीपसारख्या ठिकाणी, जेथे मोठी जहाजे धक्क्याला न लागता बाहेर थांबतात आणि प्रवासी लहान होड्यांनी किनाऱ्यावर जातात, तेथे तो भल्या सकाळी ऐकू येऊ शकतो. धक्क्याला लागताना पुढचे बो थ्रस्टर, म्हणजे नाळ आडवी सरकवणारे पाण्याखालचे पंखे, चालू झाले की खालच्या केबिनची भिंत थरथरते. धुके पडल्यास दर दोन मिनिटांच्या आत एकदा तरी भोंगा वाजवावा लागतो आणि भोंगा पुढेच असतो. वरच्या डेकची केबिन घेतली तर पहिले दोन त्रास बरेच कमी होतात.

इतके सांगून झाल्यावर, समोरून दिसते तरी काय, हे मुंबईच्या संदर्भात पाहू. संध्याकाळी इंदिरा गोदीजवळच्या क्रूझ टर्मिनलवरून जहाज सुटते आणि बंदराच्या मुखाकडे, दक्षिणेला वळते. गेटवे, ताज, कुलाब्याचे दिवे उजव्या हाताला सरकतात आणि १८७५ साली उभारलेले प्रॉन्ग्जचे दीपगृह ओलांडले की सारे शहर पाठीमागे राहते. ज्या दृश्यासाठी लोक डेकवर गर्दी करतात, ते झगमगते मुंबईचे क्षितिज समोरच्या बाल्कनीतून दिसतच नाही. समोर काळोखा, मोकळा समुद्र असतो. जाताना मुंबई पाहायची असेल तर उजवी बाजू किंवा मागची बाल्कनी घ्यावी. मावळता सूर्यही जाताना उजवीकडेच असतो, आणि कोकणची किनारपट्टी डावीकडे. परतीच्या सकाळी मात्र समोरच्या बाल्कनीचे पैसे वसूल होण्याची शक्यता असते: उजवीकडे शिवछत्रपतींनी १६७९ साली बांधायला घेतलेला आणि २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्यातील इतर दुर्गांबरोबर जागतिक वारसा यादीत गेलेला खांदेरी, डावीकडे प्रॉन्ग्ज, मग समोर हळूहळू उलगडत जाणारे बंदर, घारापुरी, जवाहर द्वीप आणि हवा स्वच्छ असेल तर त्यापलीकडे अटल सेतूची रेघ. त्या वेळी जहाजाचा वेगही कमी केलेला असतो आणि मतलई वारा मंद असतो, त्यामुळे बाल्कनीत उभे राहणे सुखाचे असते. पण त्या एका सकाळीसाठी सगळ्या सहलीचे जास्तीचे भाडे द्यायचे का? वरच्या खुल्या डेकच्या पुढच्या टोकाशी सकाळी लवकर जाऊन उभे राहिले तर हेच दृश्य, दोन्ही बाजूंसह, फुकट दिसते. माझ्या मते गोव्याच्या छोट्या सहलीसाठी जहाजाच्या मध्याजवळची, मधल्या डेकवरची बाजूची केबिन घ्यावी आणि समोरचे दृश्य डेकवरून पाहावे.

समोरची बाल्कनी खरोखर शोभते ती अरुंद आणि संथ जलमार्गांत. १८६९ साली खुला झालेला सुएझ कालवा १९३ किलोमीटर लांब आहे आणि त्यातून जहाजे ताफ्याने, वेगाची मर्यादा पाळून जातात. समोर वाळवंट दुभागत जाणारी पाण्याची पट्टी आणि पुढच्या जहाजांची रांग दिसते, जी बाजूने कधीच कळत नाही. पनामा कालव्यात जहाजांना पाणी भरून वर उचलणाऱ्या, दरवाजे असलेल्या कप्प्यांच्या पायऱ्यांनी समुद्रसपाटीपासून सुमारे २६ मीटर उंचीवरच्या गातून सरोवरात चढवतात, आणि ते दरवाजे उघडताना पाहायचे तर समोरूनच. सुमारे ऐंशी किलोमीटरच्या या मार्गाला जवळजवळ अख्खा दिवस लागतो, म्हणजे बाल्कनीचा पुरेपूर उपयोग होतो. नॉर्वेतील गाइरांगरसारख्या फ्योर्डमध्ये, म्हणजे उंच डोंगरांत शिरलेल्या अरुंद खाडीत, दोन्ही बाजूंचे कडे एकाच नजरेत मावतात. अलास्काच्या ग्लेशियर बे उद्यानात दिवसाला दोनच क्रूझ जहाजांना प्रवेश असतो. तेथे कॅप्टन हिमनदीसमोर जहाज सावकाश गोल फिरवतात, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या प्रवाशांना ती दिसते आणि समोरच्या केबिनचे विशेष काही उरत नाही, पण तेथवर पोहोचण्याची वाट समोरून पाहण्यासारखी आहे. थंड प्रदेशात समोरचा वारा बोचरा असतो हे लक्षात ठेवून कानटोपी आणि वारा अडवणारे जाकीट हाताशी असू द्यावे. मुंबईच्या स्वेटरने तेथे भागत नाही.

यातून एक मधला मार्ग निघतो, ज्याविषयी विक्रेते फारसे बोलत नाहीत, कारण त्यात त्यांचा फायदा कमी. काही जहाजांवर समोर तोंड असलेल्या, पण बाल्कनी नसलेल्या, मोठ्या काचेच्या केबिन असतात. त्यांचे भाडे सहसा बाल्कनीच्या केबिनपेक्षा कमी असते. वारा, तुषार, दाराची आदळआपट यांचा त्रास नाही, खुर्ची काचेशी ओढून तासन्‌तास बसता येते, आणि जोराच्या वाऱ्यातही दृश्य हिरावले जात नाही. काचेवर मिठाचा थर बसतो आणि तो रोज पुसला जातोच असे नाही, ही त्यातली उणीव. पडद्याचा रात्रीचा नियम आणि नाळेचे हेलकावे येथेही सुटत नाहीत. तरीही समोरचे पाहण्याची हौस आणि खिसा यांचा मेळ घालायचा असेल, तर मी हीच केबिन सुचवीन.

लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना, जी सर्वच बाल्कन्यांना लागू आहे. अमेरिकेच्या २०१० च्या क्रूझ सुरक्षा कायद्याने कठड्याची किमान उंची ४२ इंच, म्हणजे साधारण १०७ सेंटिमीटर ठरवली आहे. मोठ्या माणसाला ती पुरेशी असते, खुर्चीवर चढलेल्या मुलाला नसते. समोरचा भरीव कठडा मुलाच्या डोळ्यांपेक्षा उंच असल्यामुळे ते हमखास खुर्ची ओढते. सिगारेटचे म्हणाल तर २३ मार्च २००६ रोजी जमैकाकडे जाणाऱ्या ‘स्टार प्रिन्सेस’वर बाल्कनीतून आग लागली आणि चौकशीत तिचे संभाव्य कारण विझवायची राहिलेली सिगारेट असे निघाले, त्यानंतर बाल्कन्यांमधील सामान आणि अग्निशमन व्यवस्था यांचे आंतरराष्ट्रीय नियम बदलले गेले. समोरच्या बाल्कनीतून फेकलेले थोटूक समुद्रात पडत नाही, वारा ते मागच्या बाल्कन्यांवर नेऊन टाकतो. ओले टॉवेल आणि पोहण्याचे कपडे वाळत घालण्याची आपली सवयही तेथे चालत नाही. ते वाळण्याआधीच रत्नागिरीला पोहोचतात.

विक्रीच्या पद्धतीविषयी माझा आक्षेप स्पष्ट आहे. ‘फ्रंट व्ह्यू’ म्हणून जास्त भाडे घेताना बाल्कनी समोर उघडते की बाजूला, कठडा काचेचा आहे की भरीव, रात्री पडदे बंद ठेवावे लागतात का, आणि वाऱ्यामुळे बाल्कनी बंद केल्यास काय, हे लेखी सांगितले गेले पाहिजे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या व्याख्येत महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर लपवण्याचाही समावेश आहे, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक क्रूझच्या प्रवाशालाही तितकाच उपलब्ध आहे. ‘गॅरंटी’ भाड्याने, म्हणजे केबिनचा क्रमांक नंतर कंपनी ठरवील या बोलीवर, स्वस्तात आरक्षण करणाऱ्यांनी हेही समजून घ्यावे की त्या बोलीत अगदी नाळेजवळची केबिनही पदरात पडू शकते. बोट लागणाऱ्याने ती सवलत घेऊ नये. बहुतेक जहाजांवर केबिनच्या क्रमांकांची सुरुवात पुढून होते, त्यामुळे लहान क्रमांक दिसला की डेकच्या नकाशावर बोट ठेवून जागा पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आपल्या पुरवणीला एक विनंती करून थांबतो. क्रूझविषयीच्या पुढच्या लेखासोबत त्या जहाजाच्या निदान एका डेकचा नकाशा छापावा, त्यावर ब्रिज कोठे आहे ते दाखवावे आणि जहाजाच्या मार्गाची व त्या महिन्यातल्या नेहमीच्या वाऱ्याची दिशा बाणांनी दाखवावी. गोव्याच्या सहलीचा नकाशा असेल तर मार्गाचे बाण दोन काढावेत, एक जाण्याचा आणि एक परतीचा.

आपला,
समुद्रावरील नोकरीतून निवृत्त झालेला एक वाचक,
माझगाव, मुंबई